बशीतला शेवटचा घोट

सिंधू,

ज्या चहासाठी तू माझ्याशी एवढी भांडलीस, तो चहा गेले कित्येक दिवस आपल्या घरात पातेल्यानं उकळत होता. बिनदुधाचा, कोरा. येणारा प्रत्येक जण पायरीवर चपला काढायचा, माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, खुर्चीवर टेकायचा, आणि घडीभरात त्याच्या हातात कप यायचा. कोणी नाक मुरडलं नाही की दूध मागितलं नाही. मी मनात म्हटलं, बघ वं सिंधू, आपल्या वस्तीचं अख्खं ले-आउट तुझा चहा मुकाट्यानं पिऊन राहिलं. मला एकट्याला पाजतानाच काय ते तुला नाकी नऊ आले होते.

पहिल्या दिवशी आपली शेगडी पेटलीच नाही. शेजारच्यांनी किटलीतून चहा आणला. आपल्याकडे रीतच आहे, ज्या घरात माणूस गेलं तिथं तेरवीपर्यंत चहात दूध पडत नाही. कुणीतरी माझ्या हातात कप दिला. मी तो धरून पोर्चमधल्या खुर्चीवर बसलो, तुझी खुर्ची शेजारी रिकामी. कप हातातच निवला. माझ्या डोक्यात एकच होतं, की आता सिंधू येईल, कप बघेल आणि म्हणेल, अजी, थंडा झाला ना, मुद्दाम करता तुम्ही.

मला रडणाऱ्यांचा राग येत नव्हता. 'कशा गेल्या हो, आत्ता तर बऱ्या होत्या' म्हणणाऱ्यांचा येत होता. कशी गेलीस ते मलाच कुठं समजलं. दुपारी दोरीवरचे कपडे काढता काढता खाली बसलीस आणि मग काही बोलली नाहीस. डॉक्टर डोक्यातल्या नसेचं काहीतरी सांगत होते. मी ऐकत होतो आणि मला आठवत होतं की या दवाखान्याच्या पायऱ्या आपण दोघं चढलो ते नेहमी माझ्या रिपोर्टसाठी. तुझा रिपोर्ट काढावा असं तुला, मला, आपल्या लेकीला मनीषाला, कोणालाच कधी सुचलं नाही.

पण हे सगळं सांगायला मी बसलेलो नाही. मला तुला एक विचारायचं होतं. तू होतीस तेव्हा विचारता आलं नाही, कारण विचारलं असतं तर ती गोष्टच मोडली असती. आणि तू गेल्यावर तेरवीपर्यंत मी दुसरा काही विचारच केला नाही. तो बशीतला शेवटचा घोट, सिंधू. तो तुझ्याकडून राहून जात होता, की तू ठेवत होतीस? मी चोरून पीत होतो, की तू पाजत होतीस?

जाऊ दे. पहिल्यापासून सांगतो. तुला सगळं माहीत आहे, तरी ऐक. दुसरं कोण ऐकणार.

रिपोर्टचा तो दिवस. डॉक्टरांनी कागद पालथा ठेवला आणि तुझ्याकडे बघून बोलायला लागले, जसा मी तिथं नव्हतोच. कोलेस्टेरॉल वाढलेलं आहे, रोज गोळी घ्यायची, फिरायला जायचं, तळलेलं कमी, साय-लोणी बंद. मग विचारलं, चहा किती घेतात? तू जी सुरू झालीस, की पॉवर हाउसच्या नोकरीपासूनचा माझा चहाचा सगळा हिशोब त्यांच्यापुढे मांडलास. म्हशीचं दूध, वर साखर, दिवसाकाठी किती कप ते मलाही माहीत नव्हतं. डॉक्टर हसले. म्हणाले, दूध-साखरेचा चहा सोडून बिनदुधाचा घेतला तर तेवढाच हातभार लागेल. पण चहा म्हणजे औषध नव्हे हो वहिनी, गोळी सुटता कामा नये. तू मान डोलावलीस, आणि तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला कळलं की आपलं राज्य खालसा झालं.

दुसऱ्याच दिवशी मनीषा ग्रीन टीचा डबा घेऊन आली. दोऱ्याला बांधलेल्या पुड्या. त्या गरम पाण्यात बुडवायच्या आणि वर काढायच्या. मी म्हटलं, पोरी, हे चहा करणं आहे की विहिरीत बादली सोडणं. तिला हसू आलं, तुला आलं नाही. तू कप माझ्यापुढे ठेवलास. पिवळट पाणी, त्यात माझाच चेहरा. मला खरंच अंगावर काटा आला, सिंधू. लहानपणापासून बिनदुधाचा चहा मी एकाच ठिकाणी प्यायलो होतो, ज्या घरातून नुकतीच तिरडी उठलेली असायची त्या घरी. मी कप सरकवला.

"हा मयताचा चहा मले काहून देतेस वं? अजून जिता आहो मी."

तू चिडशील असं वाटलं होतं. तू चिडली नाहीस. पदरानं कपाची कड पुसलीस, कप परत माझ्यापुढे सरकवलास आणि हळू आवाजात म्हणालीस, "तुम्ही आज प्याल, तं मले तो पुढं प्यावा लागणार नाही जी."

मनीषा एकदम आत निघून गेली. मी प्यायलो. तोंड वाकडं करून प्यायलो, पण प्यायलो. तुझं म्हणणं खरं झालं बघ. तुला तो प्यावा लागला नाही. बाकी सगळे प्यायले, मी प्यायलो, तू तेवढी सुटलीस.

डब्यातल्या पुड्या तुला फार दिवस पटल्या नाहीत. अशा दोऱ्याच्या चहात हाताला काही कामच नाही, असं तुझं म्हणणं. मग तू सुटी पत्ती आणलीस आणि तुझे प्रयोग सुरू झाले. आंगणातल्या गवती चहाची पात, तुळस, दालचिनीचा तुकडा, लिंबू पिळून. कधी कधी हे सगळं एकाच वेळी. मी म्हणायचो, काढा तरी म्हण, चहा म्हणून फसवू नकोस. शेवटी तू तुझ्या माहेरावर आलीस. तुझ्या बहिणीनं, बेबीनं, नरखेडकडून संत्री पाठवली की तू साली गच्चीवर वाळत घालायचीस आणि बरणीत भरून ठेवायचीस. सालीचा एक तुकडा चहात पडला आणि पहिल्यांदा मी तोंड वाकडं करायचं विसरलो. तुझ्या लक्षात आलं होतं. बोलली नाहीस, पण दुसऱ्या दिवसापासून बाकी सगळं बंद आणि साल सुरू.

आणि एवढं करून स्वतः काय प्यायचीस? दुधाचा. घट्ट, अद्रक घातलेला, वर विलायची, बदामी रंगाचा. तोही माझ्या नाकासमोर.

ह्याचा मला कितीतरी दिवस संताप होता. खापरखेड्याला पॉवर हाउसच्या कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये होतो तेव्हा तू कधी माझ्यासोबत चहा घेतला नाहीस. माझा चहा आधी व्हायचा, मी पिऊन ड्युटीवर जायचो, मग तू तुझा करून घ्यायचीस. रिटायर होऊन नागपूरला आलो तरी तुझा कप ओट्याशी, उभ्या उभ्या. आणि माझं दूध बंद झालं, त्याच आठवड्यात तू तुझा कप आणि बशी घेऊन थेट पोर्चमध्ये आलीस, खुर्ची ओढलीस आणि माझ्या शेजारी बसलीस. विलायचीचा वास माझ्याकडे यावा अशी. मी म्हटलं, ही बाई मला चिडवायला बसली आहे. म्हणालो पण तसं. तू फुंकर मारत म्हणालीस, माझं कोलेस्टेरॉल कोणी मोजलं नाही ना जी.

थंडीच्या दिवसांत आपल्या ले-आउटवर सकाळी धुकं उतरतं. समोरच्या मोकळ्या प्लॉटमधलं गवत दिसेनासं होतं, पलीकडचं घर निम्मंच उरतं. त्या धुक्यात आपण दोघं बसलेलो असायचो. माझ्या कपातून संत्र्याच्या सालीची वाफ, तुझ्या कपातून विलायचीची. दोन्ही वाफा मधल्या स्टुलावर मिसळायच्या. आपण फारसं बोलायचो नाही. तू कधी तरी म्हणायचीस, आज दूधवाला उशीर करून राहिला, आणि बऱ्याच वेळानं मी हो म्हणायचो. त्या दोन वाक्यांच्या मध्ये किती वेळ जायचा, देव जाणे. मला आत्ताही वाटतं की आपण तिथंच बसलेलो आहोत आणि माझं हो म्हणणं अजून बाकी आहे.

तू चहा बशीत ओतून प्यायचीस. संपत आला की शेवटचा घोट बशीत असायचा. त्यावर साय धरली असली तर ती बोटानं ओढून कपाच्या कडेला लावायचीस. मग बशी स्टुलावर ठेवायचीस, माझ्या बाजूला, आणि उठायचीस. कधी फाटकाशी, कधी गवती चहाची पात खुडायला, कधी नुसतीच नळाजवळ. पाठ माझ्याकडे.

पहिल्यांदा मी किती तरी वेळ त्या बशीकडे बघत बसलो. मग बोटभर पुढे सरकलो. मग उचलली आणि प्यायलो. गोड, कोमट, विलायचीचा. अंगात असा काही पसरला, की डोळे मिटले. बशी जशीच्या तशी ठेवली. तू आलीस, कप-बशी उचललीस, आत घेऊन गेलीस, नळाचा आवाज आला. बस.

दुसऱ्या दिवशी परत घोट होता, आणि तिसऱ्या दिवशीही.

आता हे कोणाला सांगायचं? आमच्या घरात बायकोनं नवऱ्याच्या ताटात जेवायचं असतं. माझी आई तशी जेवली, थोरली बहीण अक्का तशी जेवली, तूही कॉलनीत येईपर्यंत तशीच जेवलीस. बायकोचं उष्टं नवऱ्यानं प्यायचं, तेही बशीला तोंड लावून, हे अक्काला कळलं असतं तर तिनं मला अंगारा लावला असता. मी तुला मागू शकत नव्हतो. तूही 'घ्या' म्हणू शकत नव्हतीस, तुझ्या जिभेवर ते आलंच नसतं. म्हणून तू पाठ फिरवायचीस आणि मी चोर व्हायचो. की तू सहज उठायचीस, आणि मीच मनाचे मांडे खायचो? इथंच माझं घोडं अडलं, ते शेवटपर्यंत.

एकदा आपला अबोला होता. कशावरून ते आठवत नाही, बहुतेक मी टपरीवर दुधाचा चहा प्यायल्याचं तुला वासावरून कळलं होतं त्यावरून. त्या दिवशीही तू बशी ठेवलीस आणि उठलीस. मी पेपर वाचत राहिलो, हात लावला नाही. तू परत आलीस, बशी बघितलीस. काही न बोलता तो घोट जास्वंदीच्या बुडाशी ओतलास. त्या दिवशी भाजीला मीठ नव्हतं. मी मुकाट जेवलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीत रोजच्यापेक्षा थोडा जास्त होता, असं मला वाटलं. वाटलं म्हणतो, कारण पुरावा काही नाही. पण टपरीवरचा चहा त्यानंतर मी सोडला. सकाळचा तो एक घोट मिळाला, की दिवसभर दुसऱ्या चहाची आठवण यायची नाही.

मग रीडिंग उतरलं. मी रिपोर्टला रीडिंगच म्हणायचो, नोकरीभर मीटरचे काटे बघण्यात गेल्यावर दुसरं काय म्हणणार. काटा लाल रेषेच्या आत आला, आणि आपलं खरं भांडण तिथून सुरू झालं. तुझं म्हणणं, चहानं उतरलं. माझं म्हणणं, गोळीनं उतरलं, आणि मी रोज सकाळी जी तंगडतोड करतो तिनं. तू म्हणालीस, गोळी तर सगळेच खातात. मी म्हटलं, बॉयलरमधली वाफ वाढली की आम्ही व्हॉल्व्ह उघडायचो, खाली उदबत्ती लावत नव्हतो. तीन दिवस तू मला उदबत्ती ऐकवलीस. शेवटी डॉक्टरांपुढे केस गेली. ते म्हणाले, मुख्य काम गोळीचं आणि चालण्याचं, चहाचा वाटा थोडा. पण दूध-साखर सुटली हे फार चांगलं झालं. तू बाहेर आल्यावर रिक्षात बसेपर्यंत सांगत होतीस, बघा, चहाचं नाव घेतलं त्यांनी. मी म्हटलं, थोडा म्हणाले. तू म्हणालीस, थोडा म्हणजे असतेच ना. ते भांडण तिथंच राहिलं. मला वाटलं होतं पुढच्या रिपोर्टला पुढचं भांडू.

तू गेल्यावर दुपारी माणसं पांगली की मी पोर्चमध्ये डोळे मिटून पडायचो. झोप नव्हे, जाग पण नव्हे. एके दिवशी आतून एकदम संत्र्याच्या सालीचा वास आला. मनीषाला फडताळात तुझी बरणी सापडली होती आणि तिनं सगळ्यांच्या कोऱ्या चहात साली टाकल्या होत्या. वास आला आणि मी उठून बसलो, म्हटलं सिंधू उठली वाटतं. मग आठवलं. परत मान टेकली आणि त्या वासावर मी कुठल्या कुठं निघून गेलो.

गेलो थेट तुझ्या गावाला. एसटीतून उतरलो आहे, सोबत बाबा आहेत, पुढे बैलगाडीची वाट आणि दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे बहारावर आलेले. पांढरी फुलं, आणि वास इतका, की बाबा पण बोलायचे थांबले. मी तुला बघायला चाललो आहे आणि अजून तुला बघितलेलं नाही. मला वाटत होतं, ही वाट संपूच नये. संपली तर तू दिसशील, तू दिसलीस की लग्न होईल, लग्न झालं की संसार होईल, आणि मग त्याच्या शेवटी हा पोर्च येईल. मी सावकाश पाय टाकत होतो. बाबा पुढून म्हणत होते, चाल ना लेका.

मग ओसरी. तू चहाचा ट्रे घेऊन आलीस. एका हातात ट्रे, दुसऱ्या हातानं पदर नाकाशी धरलेला, डोळे खाली. किती लाजाळू पोरगी, असं मला वाटलं. चहात विलायची होती. मी बोलायचं म्हणून बोललो, चहा फार चांगला झाला, विलायचीची चव मस्त आहे. तुझी आई आत जाऊन म्हणाली असेल, पोराला विलायची आवडते. लग्नानंतर पहिल्या दिवसापासून माझ्या चहात विलायची. पदर नाकाशी धरलेली ती लाजरी पोरगी मी साऱ्या जगाला सांगितली. मनीषाला, तिच्या मैत्रिणींना, कॉलनीतल्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सुद्धा. तू प्रत्येक वेळी हसायचीस आणि कामाला लागायचीस. मला वाटायचं, अजून लाजते.

तेरवीच्या सकाळी बेबी आली, तुझी धाकटी बहीण. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पूजा झाली होती, आता चहात दूध पडायला मोकळीक होती. मी पाणी घ्यायला आत गेलो तर शेगडीवर दोन भांडी. दोन्हीत दुधाचा चहा.

"हे दोन काहून वं बेबी?"

"एक सगळ्यांचा विलायची टाकून. एक बिनाविलायचीचा, ताईच्या फोटोपुढं ठेवाले. तिले विलायची कुठं चालत होती जी भाऊजी."

मी म्हटलं, काय बोलतेस, ती रोज विलायचीचाच पीत होती. बेबी माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, शक्यच नाही. लहानपणी एकदा विलायचीच्या चहानं तिला उलटी झाली होती, तेव्हापासून नुसता वास आला तरी तिला मळमळायचं. घरात पाहुण्यांसाठी विलायचीचा चहा झाला की ताई पदर नाकाशी धरून ट्रे न्यायची, आणि आई मागून तिला चिमटे काढायची.

मी ओट्याला धरून उभा राहिलो. बेबीला वाटलं मला चक्कर आली. तिनं खुर्ची दिली, पाणी दिलं. मला आधी हसू आलं. इतकं आलं, की बाहेरून अक्का ओरडली, काय झालं म्हणून. लाजरी पोरगी म्हणून मी जिचा आयुष्यभर डंका पिटला, ती माझ्या आवडत्या चहाचा वास चुकवत होती. आणि तू एकदाही मला खोटं पाडलं नाहीस. मग हसता हसता दुसरंच काही तरी सुरू झालं आणि बेबीनं दार लोटून घेतलं.

कारण मला पुढचं समजलं होतं, सिंधू. ड्युटीच्या दिवसांत माझा चहा आधी करून मला वाटेला लावायचीस आणि तुझा मागून वेगळा करायचीस, ते का, हे समजलं. ओट्याशी उभ्यानं प्यायचीस ते का, हेही समजलं. आणि माझं दूध बंद झाल्यावर तू पोर्चमध्ये यायला लागलीस, कप भरून विलायचीचा चहा घेऊन. ज्या वासानं तुला मळमळायचं तो चहा तू रोज सकाळी बशी बशी करून संपवत होतीस. का, तर शेवटचा घोट माझ्या आवडीचा निघावा म्हणून. मला वेगळा घोटभर चहा करून दिला असतास तर तो पथ्य मोडणं झालं असतं. तुझ्या कपातला उरला, तर तो उरला. त्याच्यावरची साय पण तू काढून ठेवायचीस, माझी साय बंद होती म्हणून.

अगं, सांगायचं ना. एकदा तरी सांगायचं. मी विलायची सोडली असती. मला काय, अद्रकाचा पण चालला असता. मला तुझा राग आला आहे, हे मी तुला स्पष्ट सांगतो. इतकी वर्षं एका घरात राहून तू मला तुझ्या चहाचा पत्ता लागू दिला नाहीस. आणि माझ्याकडून तुझे उपकार मानायचे राहिले, ते आता कुठं नेऊन मानू?

बेबीनं फोटोपुढं तुझा कप ठेवला. तोच, निळ्या काठाचा, बशीसकट. उदबत्तीचा धूर त्याच्यावरून जात होता. मंडळी जेवायला बसायच्या आधी अक्का माझ्याजवळ आली. वयानं वाकली आहे, पण हुकूम तोच. तिनं माझ्या हातात दुधाचा चहा दिला. म्हणाली, घे बाबू, घोटभर घे, तू घेतल्याशिवाय घराचं सुतक सुटत नाही. आणि आता पोटभर पी, आता कोण अडवते तुले. सगळे माझ्याकडे बघत होते. मनीषा पण.

मी कप हातात धरला. विलायचीचा वास आला. आणि मला तो पिववेना. आयुष्यभर जो चहा मागितला तो भरून समोर आला होता.

मी उठलो. अक्काचा कप खाली ठेवला आणि तुझ्या फोटोपुढचा कप उचलला. निवला होता, वर साय धरली होती. साय बोटानं ओढून कपाच्या कडेला लावली. बशीत थोडासा ओतला, तेवढाच, जेवढा तू ठेवायचीस. अक्का म्हणाली, अरे, थे तिचं आहे, तिच्या नावानं ठेवलेलं. उष्टं झालं थे.

"उष्टंच पाह्यजे, अक्का. माझा एवढाच राह्यते."

बशीला तोंड लावलं आणि सगळ्यांसमोर प्यायलो.  मनीषा उठून आत गेली आणि माझा कोरा चहा घेऊन आली, संत्र्याची साल घातलेला.

आज सकाळी पाहुणे गेले. मी पोर्चमध्ये बसलो आहे, गोळी घेतली आहे, सालीचा चहा स्टुलावर आहे. समोर थोडं धुकं आहे, उशिराचं, उन्हं आली की जाईल. दूधवाला आज उशीर करून राहिला. हो, सिंधू.

इतकी वर्षं तुझा चहा कसा असतो ते मला माहीतच नव्हतं. नुसतं अद्रक, साखर थोडी कमी. चांगला असतो वं तुझा चहा.